लिंबावरचे भुंगेरे

प्रिय वहिनी,

तू माहेरी गेल्यापासून तुला लिहायचं म्हणत होते, पण दर वेळी काय लिहावं ते सुचेना. आज सकाळी आईनेच पोस्टाचं पाकीट आणून समोर ठेवलं. म्हणाली, "तुझ्या वहिनीला लिही. बागेचं लिही, तिला बागेचं लई हाय." म्हणून बसले आहे. आई शेजारीच ज्वारी निवडते आहे. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं आहे.

बागेचं सांगण्यासारखं चांगलं काही नाही. वैशाखाच्या शेवटी एक वळीव पडला. भुई वरवर भिजली, विहिरीला काही उपयोग झाला नाही. पण तेवढ्या ओलीवर भुंगेरे मात्र निघाले. दिवस मावळला की जमिनीतून वर येतात आणि परसातल्या कडुलिंबावर बसतात. औंदा शेरडांसाठी आम्हीच लिंबाच्या फांद्या तोडतो, त्यामुळे पाला थोडा आहे. तो पुरला नाही की ते खाली तुझ्या गुलाबावर उतरतात. परळीहून फांदी आणून लावलेला तो गुलाब आता ओळखू येत नाही. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या आहेत. गवार गेली. दोडक्याचा वेल न्हाणीच्या पाण्यावर तग धरून आहे, पण हे भुंगेरे आत्ता वेचले नाहीत तर श्रावणात त्यांच्याच अंड्यांतून हुमणी अळी होऊन मुळं खाईल, हे तूच मला शिकवलंस. त्यामुळे वेल हिरवा दिसला तरी मला बरं वाटत नाही.

पहिल्या साली तू लिंब हलवायला निघालीस तेव्हा गल्ली किती हसली होती. कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस सोसायटीच्या ओट्यावर सांगून गेला होता की भुंगेरे सगळ्यांनी एकाच संध्याकाळी गोळा करा, नाहीतर ते एका झाडावरून उठून दुसऱ्यावर जातात. बाप्यांनी ऐकलं, विड्या विझवल्या आणि घरी आले. तू दाराआडून ऐकलं होतंस. शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या, "धर्मराजाची बायको भुंगेरे वळायला निघाली, आता सांच्याला धार बी काढंल त्यांची." तू हसलीस आणि त्यांच्याच हातात फांदी ओढायची आकडी दिलीस. मग कोणी धोतर अंथरलं, कोणी घमेल्यात रॉकेलपाणी आणलं. फांदी हलवली की भुंगेरे गारांसारखे पडायचे. उडालेले परत फिरून कंदिलावर यायचे, काचेला धडकायचे आणि घमेल्यात जायचे. दिव्याला येणाऱ्यांना हात लावावा लागत नाही, असं तू म्हणायचीस. त्या साली आख्ख्या गल्लीचे वेल वाचले होते.

औंदा कोणी एकत्र येत नाही. चंद्रभागाबाई त्यांच्या सवडीने झाड हलवतात, मुक्ताबाई त्यांच्या. मग तुमचे भुंगेरे आमच्याकडे आले म्हणून भांडणं. मी दोनदा सगळ्यांच्या दारी जाऊन आले. पण तू बोलवायचीस तसं मला बोलावता येत नाही. मी बोलते ते विनवल्यासारखं होतं आणि बायका आपापल्या कामाला लागतात. एका हातात कंदील धरून दुसऱ्या हाताने आकडी ओढवत नाही. एकदा आई बाहेर आली आणि कंदील धरून उभी राहिली. तिने असं कधी केलं नव्हतं, तुला माहीत आहे. बागेला घातलेल्या पाण्यावर एक वासरू जगलं असतं, हेच ती म्हणायची. त्या दिवशी घमेल्यात बघून एवढंच म्हणाली, "लई झालेत."

बाकी घरी तसंच. उसाअभावी कारखाना यंदा पेटलाच नाही, त्यामुळे दादाचं उसाच्या गाड्यांना चिठ्ठ्या द्यायचं स्लिपबॉयचं काम बंद आहे. दिवसभर ओट्यावर बसून असतो. पत्र तूच लिही, असं आईने त्याला सांगितलं तर तो उठून टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. एरवी तो रांगेत जात नाही. मांजरसुंब्याची मावशी येऊन गेली. तिच्यासोबत पाहुणे होते. मी पोहे केले.

आई सांगते ते लिहिते. वटपौर्णिमेला ये. सवाष्णीनं वटपौर्णिमा सासरीच करावी, माहेरी बरं दिसत नाही. झालं गेलं मनात धरू नये. तुझ्या भावाला, शहादेवदादाला, कामाच्या दिवसांत कशाला त्रास द्यायचा, एसटीनं एकटीच ये. घाटनांदूरला तुझा नवरा घ्यायला येईल. आलीस की बाग बघ, तुझ्या हाताशिवाय ती जगायची नाही.

वहिनी, इथवरचं आईला वाचून दाखवलं. "बरं लिहिलंस" म्हणाली आणि ज्वारी घेऊन गिरणीत गेली. ती येईपर्यंत मला वेळ आहे. वर लिहिलेल्यातलं एक अक्षरही खोटं नाही. बाग खरंच चालली आहे आणि मला तू खरंच हवी आहेस. पण मला हे पत्र लिहायला का बसवलं, ते वर नाही. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरी बैठक आहे. मावशीच्या दिराची मुलगी दादाला बघितली आहे, तिला कुंकूही लावलं. तुला पाचजणांपुढे उभं करायचं, लेकरू होत नाही म्हणून मी राजीखुशीनं बाजूला होते असं तुझ्या तोंडून वदवायचं, असं ठरलं आहे. दवाखान्यात तुलाच नेलं होतं, दादाला कोणी नेलं नाही, हे त्या बैठकीत कोणी बोलणार नाही. तू समोर नसलीस तर पंच बसत नाहीत, म्हणून तुला बोलवायचं आहे, आणि तू एकटी असावीस. शाळेत घालायच्या आधी दादानेच मला चुलीच्या राखेत अक्षरं गिरवून दिली होती. तीच अक्षरं मी आता त्याच्याविरुद्ध लिहिते आहे. आईशी खोटं वागते आहे तेही डोक्यातून जात नाही. ती मुलगी माझ्याएवढीच आहे गं. पोहे आवडले म्हणून चुलीपाशी येऊन सांगून गेली. तिला काय सांगितलं असेल कोण जाणे. तुला या घरातून सुटायचंच असेल तर सूट, मी अडवणार नाही. पण ते तू ठरव, आणि बोलायचं ते तुझ्या माणसांना बरोबर घेऊन बोल. आता पुन्हा विचार करत बसले तर हे फाडून टाकीन, म्हणून आत्ताच पोस्टात टाकायला निघते. वटपौर्णिमेला एकटी येऊ नकोस.

तू आली नाहीस तरी तुझीच,
सत्यभामा