सलीमभाईंचा ओठ

मंगळवार, संध्याकाळ

आज सलीमभाईंना मारलं. जिच्यावर जीव लावला त्या प्रीतीचा साखरपुडा झाल्यापासून चार रात्री झोप नाही. चितेगावच्या कारखान्यात भरदुपारी प्रेस मशीनवर डुलकी लागली, पाय पेडलवरच. शेजारून सलीमभाईंनी कॉलर धरून मागं ओढलं, आणि मी वळून त्यांच्या तोंडावर ठोसा घातला. ओठ फाटला. मला तिथं प्रीतीचा नवरदेवच दिसला, खरंच. मग पाहिलं तर प्रेस खाली आलेला. हातमोजा आत चेपलेला, हात बाहेर.

सुपरवायझरला सलीमभाई म्हणाले, “पाय घसरून पडलो, साहेब.” मला म्हणाले, “लई जोर हाय बे हातात. रात को सोता कायकू नै?” ओठातून रक्त गळतच होतं.

कॉलेज तिच्यापायी सोडलं, आता ही नोकरीही जाईल. तरी उद्या साहेबांना खरं सांगणार. नाहीतर पुढच्या डुलकीला सलीमभाई मला कशाला ओढतील?