हात चुकलेले नाहीत

डाकार,
३ मे

ती. खुदिया आत्यास,
बिरानचा सलाम वि. वि.

फोन हातात दिला की तू तो कानाला लावायच्या ऐवजी डोळ्यांसमोर धरतेस आणि काही दिसत नाही म्हणून बंद करतेस. म्हणून हे पत्र. न्दारच्या बसवाल्याच्या हाती देतो आहे.

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून मागच्या खेपेला तू जे जे बोललीस ते सगळं कबूल. आता एका चित्रांच्या गॅलरीत लागलो आहे. भिंतीला खिळे मारायचे, चित्रं टांगायची, तिरकी तर नाहीत ना ते बघायचं. इथे न्देला गेये नावाची मुलगी आहे. प्रत्येक चित्राखाली जी माहितीची चिठ्ठी असते ती तीच लिहिते. आत्या, तिच्याबद्दल तीन पानं लिहून फाडली, म्हणून एवढंच. आपण सेक आणि ती गेये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चिडवणारी दोन आडनावं, हे वाचून तू खो खो हसते आहेस ते मला इथवर ऐकू येतं आहे.

दर दोन वर्षांनी इथे कलामेळा भरतो, तो सोळा तारखेला सुरू होईल. सध्या न्हाव्याच्या दुकानातसुद्धा प्रदर्शन आहे. आमच्याकडे जुनी काचचित्रं लागणार. फ्रान्समध्ये एक म्हातारी वारली. तिने जमवलेली बेचाळीस चित्रं तिच्या मुलांनी परत आपल्या देशात पाठवली. त्यातल्या सतराव्या चित्रासाठी हे पत्र.

एक पुरुष, एक बाई, मागे निळी होडी. दोघांनी हात धरले आहेत, पण डावे. खाली न्देलाने चिठ्ठी लावली आहे की चित्रकार अज्ञात, नमुना उलटा ठेवून गिरवल्यामुळे हात उलटे पडले, शिकाऊ हाताची चूक. तिचंही अगदी खोटं नाही. काचेवर मागच्या बाजूने रंगवतात, त्यामुळे नमुना नीट ठेवला नाही तर उजव्याचं डावं होतं. इतर चित्रांतले डाव्या हातात जपमाळ धरलेले तीन संतपुरुष तिने मला दाखवले. मी म्हटलं की बाई, आपल्याकडे लांब जाणाऱ्याला मुद्दाम डावा हात देतात. चुकीचा हात दिला की ती चूक दुरुस्त करायला माणसाला परत यावंच लागतं. ती म्हणाली की माझ्या आईनेही भावाला तसाच निरोप दिला होता, पण या चित्रकाराच्या मनात तेच होतं याला पुरावा काय? मनाला येईल ते लिहायला ही काही भिंत नाही, असंही वर ऐकवलं.

आता ऐक. त्या होडीच्या टोकावर एक कोंबडा आहे आणि त्याच्या डोळ्याखाली तीन पांढरे ठिपके आहेत. मी सात वर्षांचा असताना गोवर आला होता. तेव्हा तू फुटक्या काचेवर मला असाच कोंबडा काढून दिला होतास. बाबांनी हे कुठे शिकलीस विचारल्यावर तू तो पदराखाली लपवलास. आत्या, हे चित्र तुझं आहे ना? पंधराला प्रदर्शनाचं पुस्तक छापायला जातं. एकदा छापलं की शिकाऊ हाताची चूक हीच तुझी ओळख, जन्मभर.

काकांना सलाम. माझ्यावरचा लोभ कॉलेजाबरोबर सोडू नकोस.

तुझा,
बिरान

—

सेंट लुई, न्दार,
६ मे

चि. बिरान यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तू कॉलेजात परत गेलास तर.

तुझं पत्र पोचलं, वाचून झालं. इकडे सगळं ठीक. मोठी मेंढी व्यायली, पिल्लू काळं आहे. तुझ्या काकांकडे शाळेच्या चौदा खिडक्यांचं काम आलं आहे, त्यामुळे घरात जेवणापेक्षा भुसा जास्त. मासे महागले असं लिहिणार होते, पण ते मी दर पत्रात लिहिते.

त्या गेयेच्या मुलीला सांग की सेकांच्या घरात यायचं असेल तर भाताचं भांडं बरोबर घेऊन ये, कारण तुम्हा गेये लोकांचं पोट भरेल एवढं मोठं भांडं आमच्याकडे नाही. मी स्वतः एका गेयेला अडतीस वर्षं पोसते आहे, म्हणून अनुभवाने सांगते.

चित्राचं म्हणशील तर मी चित्रकार नाही. मी सुताराची बायको आहे. कोंबड्याला ठिपके कोणीही देतं. लोकांच्या भिंतीवर लोक काय लिहितात यात तू नाक खुपसू नकोस, खिळे मारायचं काम आहे ते नीट कर. आणि ती होडी निळी नाही, हिरवी आहे. डाकारला जाऊन रंगसुद्धा विसरलास का?

जेवत जा. प्रेम आहेच, अक्कल तेवढी वाढव.

तुझी,
आत्या

—

डाकार,
९ मे

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

पकडली! काचेवर चाळीस वर्षांची धूळ होती. ओल्या फडक्याने पुसली, तर होडी हिरवी निघाली. इथे कोणालाही हे माहीत नव्हतं, तिला रोज पाहणाऱ्या न्देलालाही नाही. तुला न्दारमध्ये बसून कसं माहीत?

पण पुढे जे झालं ते लिहिताना अजून कान तापतात. मी तुझं पत्र नाचवत न्देलाकडे गेलो. तिने शांतपणे वाचलं आणि म्हणाली की यात तर त्या चित्रकार नाहीत असं स्पष्ट लिहिलं आहे. होडीचा रंग त्यांनी अंदाजाने सांगितला असेल. माझं डोकं फिरलं. मी भिंतीवरची चिठ्ठी टराटरा फाडली. गॅलरीच्या मालकीणबाई होत्या, दोन वर्तमानपत्रवाले होते, परदेशी पाहुणे होते. सगळ्यांसमोर मी ओरडलो की गेयेंचे डोळे पोटात असतात, त्यांना भाताच्या ताटापलीकडे काही दिसत नाही, आणि माझ्या आत्याच्या हाताला चूक म्हणणाऱ्या गेयेला आधी हात धुवायला शिकवा.

आणि आत्या, सगळे हसले. पोट धरधरून हसले. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. एक वर्तमानपत्रवाला गेये निघाला. तो मागून म्हणाला की सेक लोक आमच्या बापजाद्यांचं पाणी भरायचे, आज चिठ्ठ्या फाडायला लागले. मग कोणी सेक त्याच्यावर तुटून पडला. दहा मिनिटं सेक आणि गेये यांची ती आपली नेहमीची चिडवाचिडवी रंगली. पाहुण्यांना कोणीतरी समजावलं की या दोन आडनावांत शिव्या म्हणजे गोडवा. न्देलाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तेव्हा मी म्हटलं की मी थट्टा करत नाही आणि तुझ्यावर माझं प्रेम आहे, तेही थट्टा नाही. त्यावर तर सगळी खोली कोसळली. मालकीणबाईंनी उद्घाटनाच्या दिवशी हेच पुन्हा करायला सांगितलं आहे.

सेक म्हणून जन्मलो आणि गेयेशी खरं बोलायची सोय उरली नाही!

मी आता स्पष्टच लिहितो. चित्रातला माणूस देंबा काका नाही. तो सडपातळ आहे, खलाशाचा सदरा घातलेला. तू त्याला डावा हात दिलास आणि तो परत आला नाही, एवढं मला दिसतं. तो कोण ते सांगू नकोस. काकांना कळणार नाही, माझा शब्द. पण एक ओळ लिहून दे की चित्र माझं आहे. पंधराच्या आत.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
बिरान

—

न्दार,
१२ मे

चि. बिरान यास,
या खेपेला आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

गेल्या वर्षापासून माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लिहायला हात पुरतो, ओळी तिरक्या गेल्या तरी चालतं. वाचायला डोळे लागतात. तुझी पत्रं मला कोण वाचून दाखवतं असं तुला वाटलं?

देंबाने वाचलं. मी मासे साफ करत होते. कुठे थांबला नाही, आवाज चढवला नाही, शेवटचं तुझा बिरानसुद्धा वाचलं. मग कागदाची घडी करून माझ्या ओटीत ठेवली आणि मेंढ्यांना पाणी पाजायला गेला. तेव्हापासून या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. जेवतो, कामाला जातो, मीठ कमी आहे म्हणतो. अडतीस वर्षांत मी याला एवढी कधी घाबरले नव्हते.

आता लपवण्यासारखं काय राहिलं? म्हणून सांगते. त्याचं नाव म्बान्यिक. बोटीवर स्वयंपाकी होता. मला काच रंगवायला बाजारातल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं होतं, माझ्या बाबांच्या चोरून. म्बान्यिक निघायच्या आधी मला त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि काच विकत घ्यायला घराबाहेर पडता येत नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीचीच काच काढली. काचेवर जे सगळ्यात पुढे दिसायचं ते सगळ्यात आधी काढावं लागतं. आधी बोटांच्या रेघा काढल्या, मग हात, मग ज्यांचे हात ती माणसं, शेवटी नदी. म्हणजे त्या काचेवर माणसं नव्हती तेव्हाही हात धरलेले होते. तो ते कागदात गुंडाळून घेऊन गेला. ते फ्रान्सच्या बाईच्या घरी सापडलं याचा अर्थ त्याने ते विकलं. ठीक आहे. चित्रं विकायलाच असतात.

बाबांना सांगितलं की मांजराने काच फोडली. नवी बसवायला जो सुतार आला तो देंबा.

माझ्याकडून ओळ मागू नकोस. लग्नानंतरही मी सेकच आहे. माझी ओळही तुझी गेयेची पोर चिडवणं म्हणूनच वाचील, आणि मला या वयात माझ्या घरात राहायचं आहे. चिठ्ठी आहे तशी राहू दे. शिकाऊ तर शिकाऊ.

आज देंबा बिजागऱ्या आणायच्या म्हणून सकाळीच बाहेर पडला. बिजागऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अजून आलेला नाही.

तुझी,
आत्या

—

डाकार,
१३ मे

ती. आत्यास,
हात जोडून, कान धरून सलाम वि. वि.

काका इथे आहेत. आधी एवढं वाचून घे. (हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घे. बसवाल्याला तसं बजावलं आहे.) काल रात्रीचा मुक्काम माझ्याच खोलीवर झाला, रिवाजाप्रमाणे चहाचे तिन्ही पेले प्याले, जेवले आणि माझ्याशी कॉलेजाशिवाय कशाबद्दलही बोलले नाहीत. 

आज सकाळी म्हणाले की चल, दाखव. गॅलरीत शिरले ते सरळ सतराव्या चित्रापुढे. बराच वेळ उभे. मग विचारलं की हे लिहिणारी कोण. न्देला पुढे आली. आडनाव विचारलं. ती गेये म्हटल्यावर म्हणाले की मीही गेये, म्हणजे आपल्यात थट्टेची भानगड नाही, आता नीट ऐक. आत्या, ती खरोखर नीट ऐकू लागली. मला बारा दिवसांत जे जमलं नाही ते!

त्यांनी खिशातून घडीची फूटपट्टी काढली आणि न मोजता आधी सांगितलं की ही काच एक्केचाळीस सेंटिमीटर उंच आणि अठ्ठावीस रुंद असणार, आणि चौकट उघडली की तिचा एक कोपरा तिरका कापलेला निघणार. न्देला म्हणाली की चौकट तर मीही कधी उघडली नाही. मालकीणबाईंना बोलावलं. मीच खिळे काढले. एक्केचाळीस, अठ्ठावीस. कोपरा तिरका.

मग ते सांगू लागले, जसं काही कोणाच्या दाराचं माप सांगत होते. अमक्या साली, न्दारमध्ये, सेकांच्या मागच्या खोलीची खिडकी. तिच्या चौकटीचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला होता, म्हणून आत चपटी पट्टी मारलेली आणि काच तिथे तिरकी कापलेली. तिथे नवी काच मीच बसवली. घरधनी म्हणाले की मांजराने फोडली. पण खाली काचेचा एक कण नव्हता आणि काच धरून ठेवणारं लुकणं सुरीने नीट सोडवलेलं होतं. कोणीतरी काच सांभाळून काढून नेली हे मला त्याच दिवशी कळलं. घरात सुरी चालवू शकेल अशी एकच मुलगी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

न्देलाने हळूच विचारलं की चित्रातले हे तुम्ही का. काका म्हणाले की नाही, मी नाही, तेही लिहायचं असेल तर लिही. हा गेला म्हणून काच गेली, काच गेली म्हणून मला बोलावणं आलं. माझं याच्याशी काही भांडण नाही. पण माझी बायको शिकाऊ नव्हती आणि तिचे हात चुकलेले नाहीत.

कोणी हसलं नाही.

नवी चिठ्ठी न्देलाने तिथेच लिहिली. खुदिया सेक, न्दार. घरच्या खिडकीच्या काचेवर. निरोपाचे डावे हात. पुस्तकातही हेच जाईल. मी स्वतः छापखान्यात जाऊन बसणार आहे.

निघताना काकांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगितलं की हा पोरगा सेक असला आणि डोक्याने तापट असला तरी त्या दिवशी दोन गोष्टी बोलला, त्यातली एक खरी निघाली, दुसरीचं तू बघ. ते गेल्यावर तिने मला विचारलं की दुसरी कोणती. आणि आत्या, मी, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तिला म्हटलं की शिडी हलवायची आहे. शिडी हलवली. तिने दुसरं टोक धरलं होतं.

काका दुपारच्या बसने निघाले आहेत. मला क्षमा कर, आणि उरलेले निम्मे आशीर्वादही द्यायला हरकत नसावी.

तुझा,
बिरान

—

न्दार,
१८ मे

चि. बिरान यास,
सगळेच आशीर्वाद घे, वाद नको.

तुझ्या काकांनी आल्याबरोबर सांगितलं की बसमध्ये फार गर्दी होती. बिजागऱ्या आणल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकताना तो दारात रंधा मारत होता. रंधा थांबला नाही.  जेवणात मीठ बरोबर आहे म्हणाला, जे मी या घरात पहिल्यांदा ऐकलं.

परवा त्याने शाळेच्या खिडक्यांच्या काचांतून एक काच काढून माझ्यासमोर ठेवली. चारही कडा घासलेल्या, बोटाला लागू नये म्हणून. शाळेची तेरावी खिडकी आता पुठ्ठ्याची आहे. मी म्हटलं की मला दिसत नाही. तो म्हणाला की तुला लिहिताना तरी कुठे दिसतं. डॉक्टरकडे पुढच्या महिन्याचा दिवस घेऊन आला आहे.

म्हणून तू मला रंग पाठव. लाल, पिवळा, काळा, दाट हिरवा. पांढरा नको, तो इथे मिळतो. बारीक ब्रश दोन, एक उंटाच्या केसाएवढा. न्देलाला विचारून घे, तिला चांगल्या दुकानाची माहिती असेल, आणि तिला विचारायला जायचं निमित्तही होईल. सणाला तिला घेऊन ये. भाताचं भांडं मी मोठं घेतलं आहे.

पण रंग लवकर पाठव रे. दोन दिवस झाले, कामाचा दिवस असूनसुद्धा तुझे काका सणाचा निळा झगा घालून, दाढी करून अंगणात उजेडाच्या बाजूला बसतात. विचारलं तर वारा खातोय म्हणतात. झग्याची इस्त्री मोडेल म्हणून पाठसुद्धा टेकत नाहीत. या माणसाला मी असा किती दिवस ताठ बसवून ठेवू?

तुझी,
खुदिया आत्या