नऊ दांड्यांची केबल

११ एप्रिल २०१६, सोमवार

टॉवर आला! आणि गावाचा पोपट झाला.

तालुक्याच्या दूध संघाच्या पत्रात 'आपल्या दूध संस्थेस टॉवर मंजूर' एवढंच होतं. आमचे चेअरमन मोहनराव महिनाभर सांगत फिरत होते — आता घरात बसून फोनला रेंज येणार. गायरानात चुना टाकून जागासुद्धा आखली होती! आज दूधगाडीतून उतरलं ते हातभर उंचीचं काळं खोकं. "ह्यो टॉवर?" म्हणाले आणि टोपी काढून बसले. ऑफिसच्या उभ्या कॉम्प्युटरला टॉवरच म्हणतात, हे मला तरी कुठे माहीत होतं. मी पडले सचिव, तिथे हसता येईना. घरी येऊन हसले.

१२ एप्रिल

दुपारभर त्याच्यामागे वाकून बसले. पुढून अगदी साधा, मजा सगळी पाठीमागे. भोकंच भोकं! चपटी यूएसबीची, ती ओळखीची. निळं पडद्याचं. हिरवं-जांभळं गोल, माऊस आणि कीबोर्डचं. चौकोनी, इंटरनेटच्या वायरचं — ते रिकामंच राहणार. कुलपाला कडीसुद्धा आहे. मोहनरावांनी लगेच गोठ्याचं कुलूप आणून लावलं.

आणि कोपऱ्यात एक तिरकस चौकट, आत नऊ बारीक दांड्या. वर पाच, खाली चार. दोन्ही बाजूंना पेचाची जागा. हे कशाला? पुतण्याच्या लॅपटॉपला असलं काही नाही.

१३ एप्रिल

सापडलं!! दुधाची फॅट मोजायच्या मशीनला मागे तशीच चौकट आहे, फक्त दांड्यांच्या जागी भोकं. चार वर्षं ते मशीन पुसतेय, मागे वाकून कधी बघितलं नव्हतं. म्हणजे ही दोघं एकमेकांशी बोलू शकतात?

१५ एप्रिल

टेकडीवर चढून संघाच्या इंजिनियरला फोन केला. बोलतात म्हणे! घरगुती मशीनमधून ही चौकट कधीच गेली, ऑफिसच्या कॉम्प्युटरला मुद्दाम ठेवतात — वजनकाटे, फॅटची मशीनं जोडायला. पंचवीस तारखेपासून फॅटचा आकडा तारेतून थेट आलेलाच चालणार, हाताने भरलेला नाही. आणि नेट नाही, तर सगळं पेन ड्राइव्हवर घालून दूधगाडीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचं. झाला आमचा टॉवर!

१८ एप्रिल

तेलगावच्या अजीजभाईंना चिठ्ठी दिली होती — 'नऊ दांड्यांची केबल.' जळालेल्या मोटारी भरून देतात, पण कुठलीही तार त्यांना परकी नाही. आणली ती दोन्हीकडून दांड्यांचीच. बसेना. मग मान खाली घालून म्हणाले, ताई, एका बाजूला ते... दुसरं पाहिजे होतं. मी म्हटलं, मादी म्हणा की! दुधाच्या धंद्यात आम्ही दिवसभर नर-मादीच करतो. बिचारे कानापर्यंत लाल झाले. परवा बदलून आणतो म्हणाले.

२० एप्रिल

जोडलं. नमुना मशीनमध्ये घातला आणि आकडा आपोआप पडद्यावर! मी टाळ्या वाजवल्या, रांगेतल्या बायका हसल्या. अजीजभाई म्हणाले, "दोन्ही पेच आवळा. न्हाई तर तार सुटती."

संध्याकाळी भामामावशी आली, तिची किटली घेऊन. तिच्या नावापुढे नेहमीसारखे सहा टाकायला गेले — पडद्यावरचा फॅटचा रकाना करडा. बोटं आपटली तरी आकडा उठेना. तार मोकळी असली तरच तिथे हाताने भरता येतं. आजच्यापुरती तार काढली आणि भरला.

२१ एप्रिल

लिहूनच टाकते. डिसेंबरात भामामावशीच्या म्हशीची फॅट पाच-दोन लागली होती. साडेपाचच्या खाली दूध परत. दूध परत गेलं तर म्हैस बाजारात, आणि त्या म्हशीशिवाय मावशीच्या घरात आहे कोण! मी सहा लिहिले. तेव्हापासून तिचा नमुना मशीनला दाखवलेलाच नाही. रांगेत चारचौघींनी आकडा बघायला नको. किटली ओतून घ्यायची, सहा लिहायचे. आता तर म्हैस चाऱ्याच्या नावाखाली उसाची वाळकी पानं खाते. पाच तरी लागेल का?

मावशी रोज म्हणते, "म्हस आटाया लागली, पर दूध लई दाट हाय बघ." मी मान डोलावते. मी वाढले बीडच्या गल्लीत, म्हशीशी माझा संबंध मशीनपुरता. आपलं दूध पातळ आहे असं कोणती बाई म्हणेल?

हौसेने मीच ती चौकट शोधली. मीच तार मागवली. दुसऱ्या कुणावर चिडू!

२४ एप्रिल

उद्यापासून नियम. दोन्ही पेच सैल करून ठेवलेत. मावशीचा नंबर आला की तार जरा ओढायची, 'तार सुटली' म्हणायचं. किती दिवस चालेल? बघू. उद्याचा दिवस तर जाऊ दे.

२५ एप्रिल, सोमवार

सकाळी अजीजभाई दूधगाडीत बसून आले, नीट चाललंय ना बघायला. मी पोहोचायच्या आत पेच आवळून मोकळे! मावशी रांगेत, तिच्या मागे सात-आठ जणी. तार हलेना. नमुना घालावाच लागला.

सात-चार.

पुन्हा घातला. सात-चार. तिसऱ्यांदाही तेच. म्हैस आटायला लागली की दूध कमी होतं आणि दाट होतं, हे रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फॅटवर दर, जितकी फॅट जास्त तितके पैसे जास्त. साडेचार महिने मी दया म्हणून सहा लिहीत होते.

मावशी पडद्याकडे बघत म्हणाली, "म्या म्हणत न्हवते का, दाट हाय म्हणून?"

आता तिच्या घरी निघाले आहे. सहा-सहा लिहिलेली जुनी वही बरोबर घेतली आहे.