बारावा चेहरा

ईलिंग, ५ मे २०२५

चि. मालविकास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर सुधारले आहे, मजकूर अजून ईमेलसारखाच.

आमच्या ओढा-बचाव गटाकडून मला छापील निमंत्रण आले आहे. 'निसर्गाशी पहिली ओळख', निसर्गापासून दूर राहिलेल्या समाजांसाठी. तीन रविवार, गमबूट मिळतील. शिकवणार गटातला जोश नावाचा मुलगा. त्याला पाण्याचा नमुना घ्यायला मीच शिकवले. बाटलीचे तोंड प्रवाहासमोर धरायचे, पाठ करून नाही, हे चार वेळा सांगावे लागले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी नऊ वर्षे दर रविवारी त्या ओढ्याचे पाणी तपासते आहे.

सेक्रेटरी सोफीला फोन केला. ती म्हणाली, निधी देणाऱ्या एडिनबराच्या संस्थेला बारा नवे चेहरे हवेत, अकराच जमले, आणि गटात गोरी नसलेली मीच एकटी. कार्यकर्त्यांच्या यादीतून मात्र नाव काढावे लागले. एक माणूस दोन याद्यांत चालत नाही म्हणे.

संस्था तुझीच ना? राग आलेला नाही. काहीच आलेले नाही. काल ओढ्यावर गेले नाही, इतकेच.

लोभ आहे, तो गृहीत धर.
सुनीतीआत्या

एडिनबरा, १२ मे

ती. सुनीतीआत्या, शि. सा. नमस्कार.

संस्था आमचीच आणि बारा नवे चेहरे मागणारा निधीचा फॉर्मही मीच लिहिलेला. मीटिंगमध्ये मी एकटीच ब्राऊन, म्हणून इन्क्लूजनचं काम माझ्याकडे आलं. वाटलं, आकडा मागितला की दार उघडेल. आधीपासून आत कोण आहे, हे विचारायचं सुचलंच नाही.

यादी खोटी आहे, एवढं मी ऑफिसात सांगितलं तर निधी थांबेल. त्या पैशांतून लावायचा ओढ्याकाठचा लव्हाळ्याचा पट्टा होणार नाही, पण तुमचं नाव जागेवर येईल. सांगू का? तुम्ही फोन उचलत नाही. लिहा तरी.

तुमच्या लोभावर अजून हक्क सांगणारी,
मालविका

ईलिंग, १ जून

चि. मालविकास अनेक आशीर्वाद.

निधी थांबवू नकोस. रस्त्यावरचे तेलकट पाणी लव्हाळ्यानेच अडेल, हे माझ्या नऊ वर्षांच्या आकड्यांवरून दिसते. गटाच्या अर्जाला तेच आकडे जोडले होते. तू वाचले असशील. खाली माझे नाव नव्हते, त्यामुळे तुला कळायचे कारण नाही. आकडे कुणी मोजले, हा प्रश्न पुढच्या फॉर्ममध्ये घाल.

तिन्ही रविवार जाऊन आले. हजेरीपटावर सही केली. गमबूट एक माप मोठे होते. सोफीने फोटो काढताना हसायला सांगितले, हसले.

आज शेवटी जोशने नमुना घेऊन दाखवला. बाटलीचे तोंड प्रवाहाला पाठ करून होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही.

लोभ आहे.
आत्या