छगनच्या दुकानापुढच्या खुर्च्या

चि. तोताराम यास थोरल्या बहिणीचा, द्रौपदाबाईचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? लेप लावतोस की नुसता वास घेत पडून आहेस? माझे गुडघे होते तिथेच आहेत.

पिंप्राळ्याचं माझं घर विकायचं ठरलं, तू गिऱ्हाईकही आणलंस. मी सही करायला तयार होते. अभिमन म्हणतो, आई, धुळ्यात पोटचा मुलगा असताना तिथे तुझं कोण आहे? मीही म्हटलं, कोणी नाही. एक फरसाणवाला छगन होता, तोही माझ्या नावाने खडे फोडायचा. तर मंगळवारी त्या घरातली भांडी आणायला गेले. बांधाबांध करून भूक लागली, म्हणून छगनकडे निघाले. त्याचं जुनं दुकान तुला आठवतच असेल. कळकट पडदा, शेवेवर माशा, आणि हा बनियनवर बसून खेकसणार. (शेव मी चिमूटभर चाखून खवट म्हणायचे, तो म्हणायचा घरी तळा. भांडल्याशिवाय शेव घेतल्याचं मला तरी आठवत नाही.) लांबून पाहते तर दारात पाणी मारलेलं, ओळीने खुर्च्या, माणसं गप बसलेली, आणि छगनची सून कुंदाबाई डोक्यावर पदर घेऊन येणाऱ्याला हात जोडते आहे. असं आपल्याकडे कधी असतं, तूच सांग. मला वाटलं, छगन गेला.

मग रीत ती रीत. मी कोपऱ्यावरूनच सूर काढला आणि कुंदाबाईच्या गळ्यात पडले. माझा भाऊ गेला, आता शेव कोण पाडील, असं बरंच म्हटलं. (जिवंतपणी एक चांगला शब्द दिला नव्हता, सगळे तेव्हाच निघाले.) तीही रडायला लागली. कोण गेलं ते तिला कळेना, पण म्हातारी बाई गळ्यात पडून रडते म्हटल्यावर कोरडं कसं राहायचं? वळण चांगलं आहे तिला. खुर्च्यांवरच्या बायाही सामील झाल्या. एका माणसाने टोपी काढली, शेवेची पुडी मात्र सोडली नाही.

इतक्यात आतून छगनच आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. (इतका स्वच्छ मी त्याला कधी पाहिला नव्हता, त्यामुळे आणखीच घाबरले.)

"काब्र रडी ऱ्हायनी, अक्का? कोनी मरेल नही शे. दुकान नवं करेल शे."

"मग खुर्च्या कशाला मांडल्यास?"

"गिऱ्हाइकाले बसाले."

गिऱ्हाइकाला बसायला! छगन! मला बसवलं, पाणी दिलं, न मागता बशीत शेव आणली. खवट म्हणायला तोंड उघडलं, तर खवट नव्हती. आता बोलायचं काय? तो म्हणाला, "बठ्ठा बरी शे म्हनतस. तू खरं सांग." सगळे बरी म्हणोत, मी मीठ कमी आहे म्हटलं. तर हा भांडला नाही, आत ओरडला, मीठ वाढवा. धुळ्यात सून माझ्यापुढून मिठाची वाटी उचलते, आणि इथे माझ्या शब्दावर अख्खा घाणा बदलला. आपण कुठे आलो, हेच मला कळेना. अजून नीटसं कळलेलं नाही.

सर्वांना आशीर्वाद. कंबरेला जप.

द्रौपदाबाई

ता. क. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येऊ नकोस. घर विकायचं नाही.

ता. क. दुसरं. भांडी सोडून परत लावली आहेत, हे पत्र पिंप्राळ्यातूनच लिहिते आहे. अभिमनला मी चाळीसगावला तुझ्याकडे आहे असं कळवलं आहे. त्याचा फोन आला तर मी झोपले आहे म्हणून सांग.