बाबांच्या गाऱ्हाण्याची वाटणी

मी, माया रामदास घाडीगावकर, वय त्रेसष्ट, अविवाहित, धंदा मुक्त लेखन, राहणार काळाचौकी, मुंबई, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकानं किंवा भिडेनं नव्हे, तर स्वखुशीनं करते. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाला वीट आला आहे, पण त्याचा रकाना दाखल्यात नव्हता. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दुसऱ्यांची मात्र लिहून दिली आहेत.

१. धंद्याविषयी. मुक्त लेखन म्हणजे जो बोलावेल त्याच्यासाठी लिहिणं. मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, नगरसेवकांची भाषणं, मूळव्याधीच्या चूर्णाची पत्रकं, मालिकांतल्या सासवांचे टोमणे, एका बिल्डरचं आत्मचरित्र (त्यानं ते अजून वाचलेलं नाही) आणि शोकसभांची भाषणं. 'कधीही न भरून येणारी पोकळी' मी इतक्यांच्या नावे लिहिली की एव्हाना लालबाग-परळ खचायला हवं होतं. हल्ली मशीननं लिहिलेलं मराठी पाठवतात आणि म्हणतात, मॅडम, जरा माणसाचं वाटेल असं करा. म्हणजे उष्टं ताट पुसून पुन्हा वाढायचं. शिसारी येते. सबब माझी शोकसभा घेऊ नये आणि नाक्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये.

२. चीजवस्तू. शब्दकोश चाळीच्या वाचनालयाला द्यावेत, तिथं कॅरम खेळणाऱ्या पोरांना बोर्डाखाली लावायला होतील. लॅपटॉप भंगारात. माझा धाकटा भाऊ विकास, राहणार अँटॉप हिल, सरकारी वसाहत, याला बाबांचं शिसवी कपाट द्यावं. दर गणपतीला येऊन तो ते बोटानं वाजवून बघतो. कपाटाशिवाय त्याला काहीही देऊ नये. कारण पुढे येतं.

३. खोली. चाळीच्या सोसायटीतली माझ्या नावची खोली, जिथं आमचा गणपती बसतो, ती विकासची मुलगी अनुजा हिला देते. बँकेत उरेल तेही तिलाच. अट एकच: दर गणपतीला गाऱ्हाणं तिनं घालावं, उभं राहून, स्वतःच्या तोंडानं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या कोकणात आरती झाली की घरातला वडीलधारा पुरुष हात जोडून देवाला मोठ्यानं सगळ्यांची दुखणीखुपणी सांगतो, आणि जमलेली माणसं दर वाक्यामागं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमचे बाबा गिरणीत होते. त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला आख्खी चाळ दारात उभी राहायची. लिहिलेलं काही नसायचं. शेजारच्या कमलाबाईंचा गुडघा, तिसऱ्या माळ्यावरच्या सुनेची कूस, कोणाची सुटलेली नोकरी, सगळं नावानिशी देवापुढं जायचं.

उन्मेष हा दादरचा जाहिरातवाला, मला कामं देणारा. एका गणपतीला मोदक खायला आला, खाल्ले, आणि बाबांचं गाऱ्हाणं फोनमध्ये भरून घेऊन गेला. महिन्याभरात त्याच्याकडून एका टॉवरच्या जाहिरातीचं काम आलं. नमुन्याला बाबांचेच शब्द उतरवले होते, 'बा म्हाराजा, कमलाबायच्या गुडघ्याक आराम पडांदे.' शेजारी सूचना: गुडघ्याच्या जागी लिफ्ट घ्यावी, भाषा आणखी अस्सल करावी. मी फोन करून वाटेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लोककला आहे ही. कोणाच्या बापाची थोडीच आहे?"

माझ्याच बापाची होती. मी नाही म्हटलं, दुसऱ्यानं लिहून दिलं. आमच्यासारख्यांचा तोटा नसतो.

पुढच्या वर्षी त्या टॉवरच्या बिल्डरनं मंडळाचा मांडव दिला. दोन आरत्यांच्या मध्ये स्पीकरवरून जाहिरात: 'टू बीएचके दी रे म्हाराजा!' त्या संध्याकाळी घरी बाबांनी हात जोडले, 'बा देवा म्हाराजा' एवढंच म्हणाले, आणि दारातली पोरं ओरडली, टू बीएचके! मोठेही हसले. सगळ्यांत जास्त विकास हसला. बाबांनी हात खाली घेतले.

मला हळूच म्हणाले, "आता देवाक वाटतला, ह्यो कायतरी विकूक इलो हा."

पुन्हा त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. पुढची दोन वर्षं विकासनं फोनवर त्यांचंच जुनं गाऱ्हाणं लावलं. त्यांचंच तर आहे, म्हणाला. जिवंत बाप कोपऱ्यात बसलेला, देवापुढं फोन, आणि माणसं फोनला 'व्हय म्हाराजा' म्हणतायत. मला किळस आली, ती आजतागायत गेलेली नाही. बाबा त्यानंतर गेले. म्हणून कपाट, आणि कपाटच.

मुलीनं गाऱ्हाणं घालायचं नसतं, असं विकास म्हणतो. गाऱ्हाण्याला मिशी लागत नाही, माणसांची दुखणी ठाऊक असावी लागतात. अनुजा लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढते. ह्या चाळीत कोणाची साखर किती, हे देवाच्या आधी तिला कळतं. यंदा मी तिला उभी केली. सगळ्यांत आधी कमलाबाई 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या आणि मागून चाळ म्हणाली. मी रडले, ते इथं नोंदवते.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. आठवड्यात उन्मेषचा फोन. मुलगी फ्रेश आहे, म्हणाला, लोन ॲपच्या जाहिरातीला चालेल.

४. सबब, अनुजाचं गाऱ्हाणं कोणी टिपू नये, विकू नये, जाहिरातीत घेऊ नये. घेतल्यास तिनं कोर्टात जावं आणि माझी शिल्लक त्यात खर्चावी. तिनं स्वतः ते विकल्यास खोली तिच्याकडून काढून घ्यावी.

५. इथवरचा मजकूर काल अनुजाला वाचून दाखवला. ती माझं रक्त न्यायला आली होती. अहवाल काय येतोय हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, विकासला अजून सांगितलेलं नाही. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला लावली आणि म्हणाली, "नेऊ दे ना आत्या. पुढच्या वर्षी लोकांची दुखणी वेगळी असतील, मी वेगळंच घालीन. त्यांच्याकडे शिळंच राहणार."

मी विचारलं, आणि बाबांचं नेलं ते?

"आजोबांनी थांबायला नको होतं," ती म्हणाली. "मूठ सोड."

सबब कलम ३ मधली अट आणि कलम ४ पूर्ण मी माझ्या हातानं खोडलं आहे. खोली अनुजाची, विनाअट. तिनं गाऱ्हाणं घालावं, न घालावं. खोडल्या जागी सही केली आहे.

सही: माया रामदास घाडीगावकर

आमच्यासमक्ष सही झाली:
१. कमलाबाई तुकाराम परब, शेजारी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. गौतम तांबे, मुद्रितशोधक, परळ

स्थळ: काळाचौकी, मुंबई
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५