निळा हात

भाद्रपद शुद्ध ७, शके १८५६

हसले! सारा महाल मोहल्ला हसला! आमच्या ह्याईच्या नाटकातला राक्षस पडद्यातून निघाला — नत्थूजी, शिंगं अन् कागदाचे दात लावून — तं समोरून कोणी ओरडलं, "काहो नत्थूजी, जेवण झालं का?" लोक हसून हसून लोटपोट. हे जेवले नाहीत. म्हणे, "परवाचा खेळ असाच झाला तं मंडळीच मोडतो." दिवसभर मागावर बसून, मग तालमी करून उभी केलेली मंडळी!

शुद्ध ८

मी म्हटलं, राक्षस दाखवताच काहून? नुसता हात काढा पडद्यातून. हे म्हणे, "नत्थूजीचा तुटका अंगठा तं पोट्टेही ओळखतात." अन् माझ्या हाताकडं पाहून राहिले.

बाई नाटकात! पण हातच तं आहे. नत्थूजी भला माणूस, जराही रुसला नाही. "वहिनी, हात तुमचा, डरकाळी माझी!"

काजळ घामानं उतरते, म्हणून निळीच्या माठात कोपरापर्यंत हात घातला. गणपतीत आमच्या गल्लीत सूत रंगवत नाहीत, माठ झाकलेले असतात. सासूबाई देवळात गेल्या तेवढ्यात साधलं. देवा, माफ कर.

शुद्ध १०

काल आधी एक बोट काढलं. थांबली. मग दुसरं. समोर चिडीचूप! सारा हात निघाला, मागून नत्थूजीची डरकाळी — अन् बाया किंचाळल्या! कोपराच्या वर बांधलेल्या बांगड्या एकदा वाजल्या तेवढ्या. हे किती खुश! जन्माचं भरून पावली मी.

आज विहिरीवर रुखमाबाई म्हणे, त्याले तीन डोळे होते. यमुताई म्हणे, शेपूट मी पाहिलं! कोणी काही पाहिलं नाही, माय. जिनं तिनं आपला राक्षस घरूनच आणला होता. मी पदराखाली हात लपवून हसत होती.

शुद्ध ११

राख, चिंच, रिठे — सारं घासून झालं. हात निळाच! आमच्या घरचा रंग पक्का, म्हणून बाजारात मोठ्या तोऱ्यात सांगते मी. भोग आता.

शुद्ध १२

बाबनरावचा निरोप आला. समाजाचे मुखिया ते, खेळाले पुढंच बसले होते. म्हणे, "राक्षसाच्या हातात बांगड्या वाजल्या. अनंत चतुर्दशीच्या आरतीले साऱ्या बायाईनं हात दाखवा. ज्या घरची निघाली ते घर जातीबाहेर, अन् नाटक कायमचं बंद!"

ह्याईचा चेहरा पाहवत नाही. बाबनराव स्वतः आले असते तं भांडली असती. निरोपाशी काय भांडू?

शुद्ध १३

सासूबाईनं पकडलंच. "देवकी, हात दाखव वं." दाखवला. माठ उघडला म्हणून मारतीलच वाटलं. त्याईनं हात उलटासुलटा करून पाहिला, सोडला, अन् चप्पल घालून रुखमाबाईकडं गेल्या. तिथून यमुताईकडं.

साऱ्या गल्लीत सांगून राहिल्या वाटते. मी चुलीजवळ बसून रडली.

अनंत चतुर्दशी

आरतीले सासूबाई सगळ्यात पुढं. बाबनराव म्हणे, "दाखवा हात."

सासूबाईनं पदरातून हात काढला. कोपरापर्यंत निळा! मग रुखमाबाईचा. यमुताईचा. सारी ओळच निळी! ज्या बाईनं ऐन गणपतीत कधी माठाले बोट लावू दिलं नाही, तिनंच झाकण उघडलं — माझ्यासाठी. तिथंच पाय धरावे वाटले मले.

बाबनराव काही बोलणार, तं त्याईच्याच घरून आरतीचं ताट आलं. कुसुमताईनं आणलं, त्याईच्या बायकोनं. दोन्ही हात निळे.